फाइल चालू ठेवण्याच्या नोंदी: फोंडा, २०२४

१२ फेब्रुवारी २०२४

काल आईचा बारावा झाला. आज रात्रीच्या बसने दादा आणि वहिनी मुंबईला परतले. जाताना पायरीवर चपला घालता घालता दादाने विचारले, "मग ती कोर्टातली केस आता संपली ना? आईच नाही तर चालवणार कोण?"

उत्तर मलाही ठाऊक नव्हते. म्हणून ही वही. आयुष्यभर शाळेत हजेरी मांडली, तेवढी सवय हाताला आहे. डाव्या पानावर तारीख, उजव्या पानावर काय झाले ते.

आधीचे थोडक्यात. बाबा २०१७ साली गेले, मृत्युपत्र न करता. मागे सावईवेऱ्याचे घर, त्यालगतचे कुळागर म्हणजे सुपारीची बाग, एक लहानसे भाट म्हणजे माडांची बाग, बँकेतल्या ठेवी आणि मुंबईतली खोली. २०२१ मध्ये आईने इन्व्हेंटरी दाखल केली. दादा मुंबईच्या भाषेत तिला 'प्रोबेट' म्हणतो. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे कोर्टाने सांगणे. आमच्या इथली इन्व्हेंटरी म्हणजे मयताची सगळी मालमत्ता कोर्टापुढे मांडून वारसांत वाटून घेणे, मृत्युपत्र असो वा नसो. कायदा मुळात पोर्तुगिजांच्या १८६७ च्या दिवाणी संहितेतला. हल्ली तो गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला आहे, २०१६ च्या डिसेंबरपासून. यादी देणारा, मालमत्ता सांभाळणारा, शपथेवर बोलणारा एकच माणूस असतो. जुने लोक त्याला 'काबेस द काझाल', म्हणजे कुटुंबाचा प्रमुख, म्हणतात. जोडीदार जिवंत असेल तर तो मान त्याचा. म्हणून आई.

आता ते पद रिकामे. पुढची तारीख २१ फेब्रुवारी.

२१ फेब्रुवारी

आईच्या निधनाची पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली, सोबत मृत्यूचा दाखला. रोजनाम्यात नोंद झाली.

पण दाखल्यावरचे नाव वेगळे आणि इन्व्हेंटरीच्या अर्जावरचे वेगळे. गोव्यात हे घरोघरी. लग्नात बाईचे नाव बदलले जाते, सिव्हिल रजिस्ट्रीत माहेरचेच राहते, रेशनकार्डावर तिसरेच चढते. आईची तीन नावे निघाली. "या तिन्ही एकच व्यक्ती" असे प्रतिज्ञापत्र करायचे. आधाराला काय जोडणार, असे वकील मॅडमनी विचारले तेव्हा मी गप्प.

२३ फेब्रुवारी

आधार सापडला, आणि कुठे! धाकटा भाऊ इंग्लंडात स्विंडनला आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर. तो काढताना आधी बाबांचा जन्म लिस्बनच्या नोंदीत चढवावा लागला होता. त्या वेळी त्याने बाबांच्या जन्माचा, आईबाबांच्या लग्नाचा, आईच्या जन्माचा असे सगळे प्रमाणित उतारे जमवले होते. सेट अजून घरच्याच ट्रंकेत. तेव्हा बाबा त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते. आज त्याच कागदांनी आईची तीन नावे एकत्र आणली. आजोबांच्या नावातला 'श' पोर्तुगीज कागदात एक्सने सुरू होतो, ते कोडेही याच सेटमुळे सुटले.

४ मार्च

मॅडमच्या ऑफिसात दीड तास. मुदतीचे गणित समजावून घेतले. एरवीच्या दिवाणी दाव्यात पक्षकार वारला तर त्याच्या वारसांना रेकॉर्डवर आणायला मृत्यूपासून ९० दिवस. ते चुकले तर त्याच्यापुरता दावा पडतो आणि तो उठवायला आणखी ६० दिवस. आई ३१ जानेवारीला गेली, म्हणजे ९० दिवस ३० एप्रिलला भरतात. तिचे वारस म्हणजे आम्ही चौघेच आणि चौघेही आधीच रेकॉर्डवर आहोत, तेव्हा घाबरायचे कारण नाही, असे मॅडम म्हणाल्या. तरी अर्ज मुदतीतच जाऊ दे, असेही त्याच म्हणाल्या. मला हा स्वभाव आवडला.

खरे काम वेगळेच. दोन अर्ज. एक, नवा प्रमुख नेमण्याचा. दोन, आईच्या मालमत्तेची इन्व्हेंटरीही याच फाइलीत जोडून घेण्याचा. नवराबायकोची मालमत्ता आपल्याकडे लग्नापासून सामाईक, निम्मी तिची, निम्मी त्याची. बाबांचा निम्मा वाटायला घेतला होता, आता आईचाही निम्मा उघडा पडला. दोन वेगळ्या फाइली चालवायच्या म्हणजे दोनदा नोटिसा, दोनदा याद्या.

प्रमुख कोण? जो मूल आईबाबांसोबत त्या घरात राहिला त्याला झुकते माप, आणि त्यातही वयाने मोठा असेल त्याला. घरात राहिलो आम्ही दोघे, मी आणि बेबीताई. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न केले नाही, आई शेवटची चार वर्षे अंथरुणावर होती ती तिच्याच हाताखाली.

ताईला सांगितले तर म्हणाली, "म्हाका कितें कळटा कोर्टांतलें? तूच हो." मी म्हटले, कायदा तुला विचारतोय, मला नाही.

१६ मार्च

आईच्या कपाटात लुगड्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत मृत्युपत्र मिळाले. २०१९ चे, नोटरीच्या वहीत केलेले, म्हणजे सब-रजिस्ट्रारकडे. आईने कोणालाच सांगितले नव्हते. मी तिला त्या ऑफिसात रिक्षाने नेलेले आठवते. "पेन्शनीचो कागद" असे म्हणाली होती.

मजकूर दोन ओळींचा. तिला देता येईल तेवढे सगळे बेबीला.

देता येईल तेवढे, हे महत्त्वाचे. गोव्यात आईबापाला सगळी मालमत्ता एकाच मुलाला लिहून देता येत नाही. स्वतःच्या वाट्यातला निम्मा वारसांसाठी राखीव, उरलेल्या निम्म्यावर तेवढी मर्जी चालते. रात्री ओट्यावर बसून हिशेब मांडला. बाबा शिकवायचे तसा, रुपयाचे सोळा आणे धरून.

सगळी मालमत्ता सोळा आणे. आठ आईचे, आठ बाबांचे. बाबांचे आठ चौघांत, प्रत्येकी दोन. आईच्या आठातले चार ताईला मृत्युपत्राने. उरलेले चार चौघांत, प्रत्येकी एक. म्हणजे दादा तीन आणे, मी तीन, धाकटा तीन. ताई सात.

मृत्युपत्र नसते तर चौघांना चार-चार आले असते. माझा एक आणा गेला. बायकोला सांगितले. ती भांडी घासत होती, हात न थांबवता म्हणाली, "चार वर्सां एक आणो. सवाय पडलें." सवाय म्हणजे स्वस्त. यावर पुढे बोलणे झाले नाही.

फोटो काढून दादाला आणि धाकट्याला पाठवले. निळ्या खुणा दोन्ही. उत्तर नाही.

२६ मार्च

दोन्ही अर्ज दाखल. मृत्युपत्राची प्रमाणित नकल जोडली. काल धुळवड झालेली, कारकुनाच्या कानामागे अजून गुलाबी रंग. झेरॉक्स ८४ रुपये.

२ एप्रिल

दादाचा फोन, पन्नास मिनिटे. मुद्दे दोन. पहिला, "जिला सात आणे मिळणार तिच्याच हातात यादी?" दुसरा, मुंबईची खोली यादीतून काढा, ती गोव्याबाहेर आहे, गोव्याचा कायदा तिथे कसा? खोलीत राहतो तो दादाच.

पहिल्याचे उत्तर मी दिले: यादीवर हरकत घ्यायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि लपवणाऱ्याच्या ते अंगाशी येते. दुसऱ्याचे उत्तर मॅडमनी दिले. सर्वोच्च न्यायालयाचा १३ सप्टेंबर २०१९ चा निकाल आहे: मयत गोव्याचा अधिवासी असेल तर त्याची मालमत्ता भारतात कुठेही असो, वारसा गोव्याच्याच संहितेने ठरतो. त्या खटल्यातली मालमत्ताही मुंबईचीच होती. निकालाची पीडीएफ दादाला पाठवली. पुन्हा निळ्या खुणा.

२० एप्रिल

धाकट्याचे कुलमुखत्यारपत्र कुरिअरने आले. त्याने तिथल्या सॉलिसिटरपुढे सही करून ॲपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचा तिथला सरकारी दाखला, करून घेतले आहे, मागे चिकटवलेला कागद आणि शिक्का. सोबत त्याच्या बायकोचेही वेगळे. मुंबईचे स्नेही हसतात, पण इथे सुनेची आणि जावयाचीही सही लागते, कारण नवऱ्याला वारशाने येते त्यात तिचाही भाग. आम्ही भावंडे चार, पण फाइलीत माणसे सात.

परदेशात केलेल्या दस्ताला भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लागला पाहिजे. पाकिटावर आजची तारीख लिहून ठेवली. पाकीट फेकायचे नाही. कागद कधी पोचला याचा पुरावा तेच.

२५ एप्रिल

अर्जांवर सगळ्यांना नोटीस. दादातर्फे मुंबईहून एका वकिलाचा वकालतनामा आला, म्हणणे मांडायला वेळ मागितला. पुढची तारीख सुट्टीनंतर. वहीत लिहिली.

१७ मे

मडगावला जाऊन दोन्ही मुखत्यारपत्रांवर मुद्रांक. मुदतीच्या दोन महिने आधी. स्वतःवर खूश होतो. परतताना सुपारीच्या दोन गाड्यांमागे अर्धा तास अडकलो, तरी खूश.

८ जुलै

हे पान नीट लिहायला हवे.

सकाळी पावसात छत्री उलटी होत कोर्टात पोचलो. बोर्डावर आमचा नंबर नाही. दोनदा बोट फिरवले. आत विचारले तर कारकुनाने रजिस्टर उघडून मान वर न करता सांगितले, "तुमची चारला होती." चार जुलै. आज आठ.

मोबाइलवर ई-कोर्टवर सोळा अंकी क्रमांक घातला. थोडा वेळ गोल फिरत राहिले. मग एका ओळीत: निकाली. गैरहजेरीमुळे.

मागल्या बाकावर बसून वही उघडली. २५ एप्रिलच्या पानावर माझ्याच अक्षरात स्पष्ट, '४ जुलै'. देवनागरी चार. घरी आल्यावर ते पान मी मुलीपुढे धरले होते, फोनमध्ये आठवण लावून दे म्हणून. ती इंग्रजी माध्यमाची. माझा ४ तिच्या डोळ्यांना इंग्रजी आठ दिसला. तिने ८ जुलैला सकाळी साडेआठची आठवण लावली. फोन वाजणार या भरवशावर मी वही पुन्हा उघडली नाही. आज बरोबर साडेआठला वाजला.

चार तारखेला मॅडम पर्वरीला हायकोर्टात होत्या. ज्युनियरने धरून ठेवले की पुकारा दुपारी होईल. तो सकाळीच झाला. दादाचे वकील मुंबईहून आले नव्हते. म्हणजे सात माणसांच्या फाइलीत त्या सकाळी एकही माणूस नाही. न्यायाधीशांनी दुसरे काय करायचे?

मुलगी रडली. मी तिला म्हटले, तुझी चूक नाही, माझी आहे. तीस वर्षे मुलांना सांगत आलो, आकडा अक्षरी लिहा.

९ जुलै

मॅडम शांत. फाइल पुन्हा उघडायचा अर्ज ३० दिवसांत. ४ जुलैपासून धरले तर ३ ऑगस्ट, शनिवार. "शेवटच्या दिवसावर ठेवायचे नाही," असे म्हणाल्या. कारण खरे तेच लिहायचे. मी विचारले, हे ४ आणि ८ चे लिहिले तर कोर्ट हसणार नाही का? म्हणाल्या, "आजारपणाचे खोटे सर्टिफिकेट आणण्यापेक्षा हसलेले परवडले."

फाइल कायमची विझली तर काय गमावतो, तेही विचारून घेतले. नवीन अर्ज करता येतो, दार कायमचे बंद होत नाही. पण पुन्हा पहिल्यापासून नोटिसा, स्विंडनला, मुंबईला. तीन वर्षांचे काम पाण्यात. आणि तोवर एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, बाबांचेच नाव. गेल्या साली कुळागरात कोळेरोगाने सुपाऱ्या कुजून गळल्या तेव्हा नुकसानीचा अर्ज ताईने नेला, तर विचारले की तुमचे नाव कुठे आहे. ताईने फाइल उघडी ठेवायचा हट्ट धरला तो तिथून.

१५ जुलै

अर्ज दाखल. सोबत माझे प्रतिज्ञापत्र, ज्युनियरचे प्रतिज्ञापत्र, वहीच्या त्या पानाची प्रत आणि फोनमधल्या आठवणीचा स्क्रीनशॉट. माझ्या वहीचे पान कोर्टात जाईल असे वाटले नव्हते. त्याच पानाच्या खाली दुधाचा हिशेब होता, तोही गेला.

१ ऑगस्ट

न्यायाधीशांनी पान हातात घेतले, जरा लांब धरले, मग जवळ. काही बोलले नाहीत. इतर सगळ्यांना नोटीस, म्हणणे मागवले. पुढची तारीख १९ सप्टेंबर, अक्षरी एकोणीस.

धाकट्यातर्फे मुखत्यार मीच, त्याची आणि त्याच्या बायकोची ना-हरकत झाली. ताईची, माझी, बायकोची झाली. राहिले दादा आणि वहिनी.

८ सप्टेंबर

काल चवथ. आईचे वर्ष झालेले नाही म्हणून फुगडी, फटाके काही नाही, दीड दिवसाचा गणपती मात्र बसवला. दादा-वहिनी आले. येतील असे धरले नव्हते.

माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या लाकडी चौकटीला, ताईने कुळागरातला सुपारीचा शिपटा (घड) स्वतः निवडला. दादा स्टुलावर, ताई खालून एकेक फळ देते, तो बांधतो. आंबाडे, तोरिंजन, नीरफणस, घागऱ्यो. मध्येच दादा म्हणाला, "बाबा हा वरचा वासा दर साली बदलायचे." ताई म्हणाली, "मी पण बदलते. दर साली." दादा काही बोलला नाही. वासा हाताने दाबून पाहिला.

आज विसर्जनानंतर जेवणे झाल्यावर त्याने आपण होऊन विचारले, सही कुठे करायची. मी पुरसीस पुढे केली. सही करून म्हणाला, "खोलीचे मी सोडलेले नाही हं. फाइल उघडू दे, हरकत मी तिथे घेईन." मी म्हटले, घे. हरकत घ्यायलासुद्धा फाइल उघडी लागते. तो हसला, मनापासून नसेल, पण हसला. वहिनींनी खाली सही केली आणि पेन माझ्या बायकोला दिले, तिची आधीच झालेली असूनही.

१९ सप्टेंबर

फाइल परत बोर्डावर. पाच मिनिटे लागली.

२४ ऑक्टोबर

आईची इन्व्हेंटरी याच फाइलीत जोडली. प्रमुख म्हणून बेबीताईची नेमणूक, दादाने विरोध केला नाही. शपथेसाठी २८ नोव्हेंबर.

धाकट्याने फोनवर लिसिटेशनचे विचारले. वारसांनी आपसांत बोली लावायची आणि चढ्या बोलीवाल्याने ती वस्तू घेऊन इतरांचे पैसे चुकते करायचे, त्याला लिसिटेशन म्हणतात. पौंडात कमावणारा भाऊ आणि सुपारीवर जगणारी बहीण एकाच बोलीत उतरल्या तर काय होणार हे सांगायला वकील नको. मी सरळ विचारले, कुळागरावर बोली लावणार का? तो म्हणाला, अजून ठरवले नाही. ताईला मी हे सांगितलेले नाही. इथे लिहून ठेवतो.

२८ नोव्हेंबर

मॅडम पणजीहून येताना जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवदर्शनाच्या गर्दीत अडकल्या, पाऊण तास उशीर. तेवढ्या वेळात ताईने कॉरिडॉरमध्ये चष्मा लावून आईने दिलेली मूळ यादी पहिल्यापासून वाचली. बोट एकेका ओळीवर. घर, सर्व्हे नंबर, कुळागर, भाट, ठेवी.

मग मला म्हणाली, "उदक खंय?" पाणी कुठे?

मला कळेना. कुळागराला वरच्या झरीचे पाणी पाटाने येते. तीन कुळागरांची पाळी. आपली पाळी आठवड्यातून दोन दिवस, आजोबांच्या काळापासून. जमीन यादीत आहे, विहीर आहे, पाण्याची पाळी नाही. ताई म्हणाली, "पाटाशिवाय ती जमीन म्हणजे रान. शपथ घेऊन मी अर्धी यादी कशी देऊ?"

तीन वकील आणि मी, चार वर्षे ही यादी वाचत होतो.

मॅडम आल्या. ऐकून घेतले, हसल्या नाहीत, लगेच टिपून घेतले. ताईने शपथ घेतली. कोंकणीत घेऊ का मराठीत, असे तिने विचारले, मग मराठीत घेतली. पुरवणी यादी द्यायला वेळ मिळाला: आईच्या वाट्याची मालमत्ता, मुंबईची खोली दादाच्या हरकतीच्या अधीन राहून, आणि पाटाच्या पाण्याची पाळी.

उतरताना जिन्यावर ताईचा गुडघा दुखला, कठड्याला धरून मिनिटभर उभी राहिली. पुढची तारीख तिने माझ्या वहीत स्वतः लिहिली: १६ जानेवारी २०२५, गुरुवार, अक्षरी सोळा. मग वही मुलीपुढे धरून वाचून घेतली.